रिपोर्ट लिव्हरचा, दुखणं वारेचं

गेल्या पावसाळ्यात नात्यातल्या एका मुलीचा रक्ताचा रिपोर्ट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडला. पहिलटकरीण, बत्तिसावा आठवडा. खाली तिच्या सासऱ्यांचा प्रश्न होता: "एसजीओटी १८६, एसजीपीटी १६२. डॉक्टर म्हणतात लगेच ॲडमिट करा, लवकर मोकळी करावी लागेल. बीपीसाठी नेलं होतं, मग हे लिव्हरचं मध्येच काय? आमच्या घरात तर दारूचा थेंब येत नाही." पाच मिनिटांत सल्ले सुरू झाले. एका मावशींनी लिव्हरच्या टॉनिकचं नाव सुचवलं, एका काकांनी उसाचा रस सांगितला आणि कुणीतरी 'आजकालचे डॉक्टर' या विषयावरचा एक लांबलचक फॉरवर्ड चिकटवला.

सल्ले जाऊ द्या, सासऱ्यांचा प्रश्न रास्त होता. तक्रार बीपीची, आकडे लिव्हरचे आणि निर्णय बाळंतपणाचा. या तिन्हींची गाठ कुठे बसते, हे कुणी बसून सांगत नाही. सांगायला डॉक्टरांना त्या घडीला वेळही नसतो.

आधी नाव समजून घेऊ

गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यावर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर जातं, चार तासांनी पुन्हा मोजलं तरी तेवढंच भरतं आणि जोडीला लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात किंवा शरीरातल्या एखाद्या अवयवाला त्रास झाल्याची खूण दिसते. या अवस्थेला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. यातच पुढे झटके आले तर तो एक्लॅम्पसिया. आपल्याकडे जुन्या बायका 'बाळंतपणात आकडी आली' म्हणत, ती बहुधा हीच.

'तीव्र' हा शब्द डॉक्टर केव्हा वापरतात? बीपी १६०/११० किंवा त्याच्या पुढे गेलं तर. पण बीपी तेवढं नसलं तरी प्लेटलेट एक लाखाच्या खाली उतरल्या, किडनीचं क्रिएटिनिन वाढलं, फुप्फुसात पाणी साचलं, गोळीनेही न थांबणारी डोकेदुखी लागली, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले किंवा लिव्हरची एन्झाइम नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या दुप्पट झाली, तरी तो तीव्रच धरतात. लघवीत प्रथिनं सापडलीच पाहिजेत ही जुनी अट अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये काढून टाकली. लघवी स्वच्छ असूनही लिव्हर किंवा रक्त बिघडलेल्या बायका त्या अटीमुळे हातून निसटत होत्या.

म्हणजे सासऱ्यांना वाटलं तसा लिव्हरचा रिपोर्ट 'मध्येच' आलेला नाही. आजार किती पुढे गेला आहे हे मोजायच्या चार-सहा पट्ट्यांपैकी ती एक पट्टी आहे.

सुरुवात वारेपासून

बाळाला जे काही मिळतं ते वारेतून. वार गर्भपिशवीच्या भिंतीला चिकटलेली असते आणि तिला आईचं रक्त पोचवणाऱ्या बारीक, पिळदार रक्तवाहिन्या असतात. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात वारेच्या पेशी या वाहिन्यांमध्ये शिरून त्यांची तोंडं रुंद करतात. वाफ्यात पाणी मुरवायचं असेल तर शेतकरी पाटाचं तोंड मोठं करतो, पाणी संथ येतं आणि सगळ्या वाफ्यात पसरतं. इथेही तेच घडायचं असतं.

ज्या बाईला पुढे प्रीएक्लॅम्पसिया होतो, विशेषतः जिला तो लवकर होतो, तिच्यात हे तोंड नीट रुंद होत नाही. मग पाणी अरुंद फटीतून जोराने येतं, समोरची माती उखडतं आणि बाकीचा वाफा कोरडाच राहतो. अशी अर्धपोटी वार आईच्या रक्तात काही पदार्थ सोडते. २००३ मध्ये बोस्टनमधल्या अनंत करुमंची यांच्या गटाने त्यातलं एक प्रथिन दाखवून दिलं. आईच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला निरोगी ठेवणारे जे रेणू रक्तात फिरत असतात, त्यांनाच हे प्रथिन पकडून ठेवतं. अस्तराचं खतपाणी तुटतं आणि ते खरखरीत होऊ लागतं.

हे अस्तर एका जागी नसतं, ते अंगभर असतं. किडनीत बिघडलं तर लघवीतून प्रथिनं गळतात. मेंदूत बिघडलं तर डोकं दुखतं, झटके येतात. लिव्हरमध्ये बिघडलं की एसजीओटी वाढतं. दारूचा इथे काही संबंध नाही.

गोदामाबाहेर सांडलेले दाणे

एन्झाइमला पाठ्यपुस्तकात विकर म्हणतात. पेशीच्या आत रासायनिक कामं भराभर उरकणारी ही प्रथिनं. एसजीओटी आणि एसजीपीटी ही त्यांतल्या दोघांची जुनी नावं, नवीन नावं एएसटी आणि एएलटी. आपल्याकडच्या लॅबचे रिपोर्ट अजून जुनी नावं सोडायला तयार नाहीत, म्हणून मीही तीच ठेवतो.

यांचं काम पेशीच्या आत, रक्तात नाही. मार्केट यार्डातल्या गोदामात गव्हाची पोती असतात. बाहेर रस्त्यावर चार दाणे रोजचेच पडलेले असतात, त्याकडे कुणी बघत नाही. पण एका सकाळी गोदामाच्या दारात दाण्यांचा सडा दिसला तर आत पोती फाटली आहेत हे दार न उघडताही कळतं. रक्तातलं एसजीओटी म्हणजे हा सडा. लिव्हरच्या पेशी फुटल्या आणि त्यांच्यातला माल रस्त्यावर आला.

ही उपमा मला आवडते, कारण तिच्यातून आणखी तीन गोष्टी नीट दिसतात. दाणे झाडून टाकले म्हणजे पोती शिवली जात नाहीत, म्हणजे आकडा खाली आणणारं औषध शोधण्यात अर्थ नाही. पोती कुणी फाडली, उंदरांनी की पावसाने, हे दाण्यांवर लिहिलेलं नसतं. आणि गोदाम जवळजवळ रिकामं झालं असेल तर सडा कमी दिसू शकतो, म्हणून आकडा उतरला की लगेच पेढे वाटायचे नसतात, बाकीच्या तपासण्याही सुधारतायत का ते बघायचं असतं.

दोघांत फरक एवढाच, की एसजीपीटी मुख्यतः लिव्हरचं. एसजीओटी लिव्हरखेरीज स्नायूंत, हृदयात आणि लाल रक्तपेशींतही असतं. तीव्र प्रीएक्लॅम्पसियात काही वेळा लाल पेशीही फुटतात, त्यामुळे एसजीओटी दोन्ही बाजूंनी वाढतं. रक्तातून ते ओसरतंही लवकर.

रिपोर्टवर आणखी एक ओळ हमखास घाबरवते: अल्कलाइन फॉस्फेटेज. हे गरोदरपणात वाढलेलंच असतं, कारण वार स्वतः ते बनवते. त्यापुढे लॅबने ठळक अक्षरांत 'हाय' छापलं म्हणून झोप उडवून घेऊ नका. एसजीओटी-एसजीपीटी मात्र निरोगी गरोदरपणात वाढत नाहीत. ती वाढली की कारण शोधावंच लागतं.

"काही नाही गं, पित्त झालंय"

या लेखातलं एकच प्रकरण वाचायचं असेल तर हे वाचा.

लिव्हरमधून रक्त जातं ते अगदी चिंचोळ्या बोळांतून. अस्तर खराब झालं की त्या बोळांत रक्ताच्या सूक्ष्म गुठळ्या अडकतात, पलीकडच्या पेशींना प्राणवायू मिळत नाही, त्या मरतात, कुठे कुठे रक्तस्राव होतो, लिव्हर सुजतं. लिव्हरच्या आतल्या भागाला दुखणं कळत नाही. पण त्याच्याभोवती एक घट्ट आवरण असतं, उशीला अभ्रा असतो तसं. आत फुगवटा आला की हे आवरण ताणलं जातं आणि ते दुखतं. कुठे? छातीच्या मधल्या हाडाच्या खाली, खड्ड्यात, किंवा उजव्या बरगडीखाली. कधी पाठीत किंवा उजव्या खांद्यात. जोडीला मळमळ, उलटी.

आता मराठी घरात आठव्या महिन्याच्या बाईने "पोटाच्या वर खड्ड्यात दुखतंय, मळमळतंय" म्हटलं तर काय उत्तर मिळेल? पित्त झालंय. रात्री तिखट खाल्लंस. आवळ्याचा मोरावळा घे, थंड दूध घे, सोडा घे. शेवटच्या महिन्यांत छातीत जळजळ बऱ्याच जणींना होतेच, त्यामुळे हे उत्तर दहांतल्या नऊ वेळा खरंही ठरत असेल. चुकीचं ठरतं त्या दहाव्या वेळी मात्र किंमत फार मोठी असते. रात्रभर पित्ताच्या गोळ्या घेऊन सकाळी झटके आलेली बाई प्रसूतिशास्त्राच्या कुठल्याही वॉर्डाला अनोळखी नाही.

ओळखायचं कसं? घरी खात्रीने ओळखता येत नाही, हे प्रामाणिक उत्तर. २० आठवड्यांनंतर अशी वेदना झाली, त्यातून ती छातीच्या खड्ड्यात किंवा उजवीकडे असली आणि पित्ताच्या औषधाने गेली नाही, तर बीपी मोजायचं आणि रक्त तपासायचं. डोकं दुखणं, नजर धूसर होणं, तोंडावर-हातांवर एकदम सूज येणं यांपैकी काही सोबत असेल तर सकाळची वाट बघायची नाही. पाय सुजणं एकटं असेल तर ते बहुतेकींना होतं, त्याला घाबरायचं कारण नाही, पण त्यावरून निश्चिंतही व्हायचं नाही.

किती म्हणजे जास्त?

बहुतेक लॅबमध्ये वरची मर्यादा ४० युनिटच्या आसपास असते. तिची दुप्पट, म्हणजे ८० च्या वर आकडा गेला की तो तीव्र आजाराचं लक्षण धरतात. नात्यातल्या मुलीचा १८६ होता.

१९८२ मध्ये अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ लुई वाइनस्टाइन यांनी तीन गोष्टी एकत्र दिसणाऱ्या रुग्णांचा वेगळा गट मांडला: लाल पेशी फुटणं, लिव्हरची एन्झाइम वाढणं, प्लेटलेट उतरणं. तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला हेल्प सिंड्रोम हे नाव पडलं. ऐकताना 'मदत' असं ऐकू येतं, आणि खरोखरच ही मदतीची हाक असते. लाल पेशी फुटल्याचा अंदाज एलडीएच या आणखी एका एन्झाइमवरून येतो, ते ६०० च्या वर गेलं की संशय पक्का होत जातो. प्लेटलेट कमी होतात कारण खरखरीत झालेल्या अस्तराला त्या जागोजागी चिकटून खर्ची पडतात. तीव्र प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या शंभरातल्या साधारण १० ते २० जणींना हेल्प होतो.

मग आकडा जितका मोठा तितका धोका मोठा? इथे सरळ त्रैराशिक चालत नाही. एकीचं एसजीओटी १८६ आहे, पण काल १९० होतं, प्लेटलेट दोन लाखांवर स्थिर आहेत, बीपी औषधाने आटोक्यात आहे. दुसरीचं फक्त ९५ आहे, पण सकाळी ते ४५ होतं, आणि प्लेटलेट बारा तासांत एक लाख ऐंशी हजारांवरून पंच्याण्णव हजारांवर आल्यात. डॉक्टर दुसरीकडे आधी धावतील. एका वेळचा आकडा म्हणजे फोटो. पाहिजे असते ती चाल. म्हणून सहा-बारा तासांनी पुन्हा रक्त काढतात, आणि "सारखं रक्त काढतात, बिल वाढवतात" ही तक्रार निदान या आजारात तरी लागू नाही.

पुढच्या ४८ तासांत आईची प्रकृती गंभीर होईल का, याचा अंदाज बांधणारं 'फुल पायर्स' नावाचं गणित २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात सहा गोष्टी भरायच्या असतात: गरोदरपणाचे आठवडे, छातीत दुखणं किंवा धाप, रक्तातला प्राणवायू, प्लेटलेट, क्रिएटिनिन आणि एसजीओटी. म्हणजे लिव्हरचा आकडा सहांतला एक. तो पंक्तीत बसून बोलतो, एकटा निकाल देत नाही.

"आमच्याकडे डेंग्यूची साथ आहे, तोच असेल"

असूही शकतो, ही हरकत अजिबात हसण्यावारी नेण्यासारखी नाही. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात आणि लिव्हरची एन्झाइमही वाढतात. पावसाळ्यात कोकणात लेप्टोस्पायरोसिस असतो. दूषित पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ गरोदर बाईला इतरांपेक्षा फार जड जाते. तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज सुटत असेल तर ते पित्तरस साचण्याचं वेगळं दुखणं असू शकतं. दुर्मिळ पण भयंकर असा गरोदरपणातला फॅटी लिव्हरही आहे. त्यात साखर खाली जाते आणि रक्त गोठेनासं होतं. आणि गंमत म्हणजे बीपीसाठी वर्षानुवर्षं दिली जाणारी मिथाइलडोपा ही गोळीही कधी कधी लिव्हरचे आकडे वाढवते.

पोती कुणी फाडली हे दाण्यांवर लिहिलेलं नसतं, ते इथे आठवा. डॉक्टर ताप विचारतात, खाज विचारतात, साखर बघतात, डेंग्यूची आणि काविळीची चाचणी लावतात. पण बीपी वाढलेलं आहे, २० आठवडे उलटलेत आणि आकडे चढतायत, अशा वेळी दुसरं काही सिद्ध होईपर्यंत प्रीएक्लॅम्पसियाच धरून चालायचं, हा शहाणपणाचा क्रम.

बाळाचं काय?

आईची एन्झाइम वारेतून बाळाकडे जाऊन त्याचं लिव्हर बिघडवतात, असा समज ऐकला आहे. तसं होत नाही. तरीही आईचे आकडे जास्त असलेल्या गटात कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची, एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, ठेवावी लागणारी बाळं जास्त आढळतात. दोन्ही गोष्टींचं मूळ एकच, ती अर्धपोटी वार. आईकडे ती विषारी निरोप धाडते आणि बाळाकडे कमी रसद. आई-बाळ दोघांचे रिपोर्ट एकत्र बिघडतात, कारण पाटाचं तोंडच अरुंद आहे.

रसद कमी पडली की बाळ वाढीत मागे पडतं, त्याच्याभोवतीचं पाणी कमी होतं. डॉप्लर सोनोग्राफीत नाळेतला रक्तप्रवाह किती सुरळीत आहे ते दिसतं. कधी वार वेळेआधीच भिंतीपासून सुटते, आणि मग आई-बाळ दोघांच्याही हातात मिनिटं उरतात. याशिवाय उपचार म्हणूनच बाळंतपण लवकर करावं लागतं, त्याचं ओझं वेगळं. बत्तिसाव्या आठवड्यातल्या बाळाची फुप्फुसं कच्ची असतात, अंगावर चरबी नसते म्हणून ते गारठतं, साखर टिकत नाही, चोखायचं आणि गिळायचं तंत्र अजून जमलेलं नसतं. अशा आयांच्या बाळांत सुरुवातीला प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशीही कमी सापडू शकतात, म्हणून बाळाचंही रक्त तपासतात. त्यात आईच्या लिव्हरचा 'संसर्ग' नसतो.

सुदैवाने इथे हाताशी बरंच काही आहे. ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण होणार असं दिसलं की आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. सरकारी पद्धतीत डेक्सामेथासोन, ६ मिलिग्रॅमचे चार डोस, बारा-बारा तासांनी. हे आईच्या लिव्हरसाठी नसतं, बाळाची फुप्फुसं पिकवण्यासाठी असतं. न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवलेली ही युक्ती आजही नवजात बाळांच्या जीवावरची सगळ्यात स्वस्त राखण आहे. पुढे जिल्हा रुग्णालयांतला नवजात कक्ष, आईचं दूध, आणि बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची कांगारू पद्धत.

"आधी लिव्हर बरं करा, मग बाळंतपण बघू"

मावशींच्या टॉनिकचा मुद्दा हाच होता. पण लिव्हर हा इथे चोर नाही, ज्याच्या घरी चोरी झाली तो आहे. मूळ वारेत, आणि वार बाहेर पडेपर्यंत आजार थांबत नाही. टॉनिकने, उसाच्या रसाने, मीठ तोडल्याने तो मागे फिरत नाही.

वार बाहेर काढण्याआधी आईला स्थिर करतात. त्यात दोन कामं सगळ्यांत तातडीची. पहिलं, झटके रोखायचे. त्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट, वॉर्डातल्या भाषेत मॅगसल्फ. २००२ मध्ये मॅगपाय नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांमध्ये या साध्या क्षाराने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणला होता. इंजेक्शन खुब्यात दुखतं, अंग तापल्यासारखं वाटतं, आणि नर्स दर थोड्या वेळाने गुडघ्यावर टकटक करून पाय उडतो का बघते, श्वास मोजते, लघवी मोजते. ती टकटक औषध जास्त झालं नाही ना हे बघण्यासाठी असते. आपल्या बायकांचं वजन पाश्चात्त्य बायकांपेक्षा कमी, मग डोस तेवढाच का, हा विचार करून सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई यांनी कमी मात्रेची पद्धत मांडली, ती देशभर चर्चेत राहिली.

दुसरं काम, बीपी खाली आणायचं. या बाबतीत जगाला उपयोगी पडलेली एक मोठी चाचणी नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत झाली. तीव्र बीपी असलेल्या ८९४ गरोदर बायकांना निफेडिपिन, लॅबेटालॉल किंवा मिथाइलडोपा यांपैकी एक गोळी तोंडाने दिली. सहा तासांत सुरक्षितपणे बीपी आटोक्यात येण्याचं प्रमाण निफेडिपिनमध्ये ८४ टक्के, लॅबेटालॉलमध्ये ७७ आणि मिथाइलडोपात ७६ टक्के निघालं. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थ असा की सलाइनचा पंप नसलेल्या ठिकाणीही साध्या गोळीने पुढच्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता काढता येतो.

मग बाळंतपण. ३४ आठवडे झालेले असतील आणि आजार तीव्र असेल तर आई स्थिर झाली की थांबत नाहीत. त्याआधीचे दिवस असतील तर मोठ्या रुग्णालयात, रोज नजर ठेवून, काही दिवस मिळवायचा प्रयत्न करता येतो. पण एन्झाइम आणि प्लेटलेट यांची चाल उलटी झाली, हेल्प दिसू लागला, की फार तर स्टेरॉइडचा परिणाम होण्यापुरती उसंत मिळते.

आणि सिझरच? नाही. कळा आणून नैसर्गिक बाळंतपणही होऊ शकतं, या आजारात रक्त कमी जावं म्हणून अनेकदा तेच बरं. मात्र दिवस फार कमी असतील, गर्भपिशवीचं तोंड तयार नसेल किंवा बाळ दमलं असेल तर सिझर करतात. तेव्हा भूलतज्ज्ञ प्लेटलेटचा ताजा रिपोर्ट मागतात, कारण प्लेटलेट फारच कमी असतील तर पाठीत सुई देणं धोक्याचं.

"आठवा महिना लागलाय, तो नको"

सातव्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही, ही समजूत आपल्याकडे शिकल्यासवरल्या घरांतही ठाण मांडून आहे. वैद्यकशास्त्रात तिला काडीचाही आधार नाही. पोटात निरोगी वाढणारा प्रत्येक आठवडा बाळाला बळच देतो, बत्तिसाव्यातलं बाळ अठ्ठाविसाव्यातल्यापेक्षा आणि चौतिसाव्यातलं बत्तिसाव्यातल्यापेक्षा सरस असतं. आठव्याच्या भीतीने नववा लागेपर्यंत सही न करणारे नातेवाईक मात्र आईला खरोखरच्या धोक्यात लोटतात.

याच्या उलट टोकाची हरकत: "मुलगी धडधाकट आहे, तिला काय होणार?" अमेरिकेची धावपटू ॲलिसन फेलिक्स हिला २०१८ मध्ये तीव्र प्रीएक्लॅम्पसिया झाला आणि बत्तिसाव्या आठवड्यात तातडीचं सिझर करावं लागलं. रिओ ऑलिंपिकच्या रिलेत तिच्या सोबत सुवर्णपदक जिंकलेली टोरी बोवी २०२३ मध्ये आठव्या महिन्यात घरी मृतावस्थेत सापडली. शवविच्छेदनात संभाव्य कारणांत एक्लॅम्पसियाचं नाव होतं. दोघींहून तंदुरुस्त बायका शोधणं कठीण.

आणि "बीपी तर नॉर्मल आहे" हेही पूर्ण उत्तर नव्हे. हेल्प झालेल्या शंभरातल्या दहा-वीस जणींचं बीपी सुरुवातीला फारसं वाढलेलंच नसतं. तिथे पोटाच्या वरच्या भागातली वेदना हीच पहिली बातमी.

सव्वा महिना

वार पडली की आजार त्याच क्षणी संपत नाही. एन्झाइम बाळंतपणानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत आणखी चढू शकतात, प्लेटलेटही तेव्हाच तळ गाठतात. हेल्प झालेल्या दहांतल्या सुमारे तिघींना तो बाळंतपणानंतरच होतो. त्यानंतर मात्र बहुतेकींचे आकडे काही दिवसांत उतरतात आणि लिव्हर पहिल्यासारखं होतं, कायमचं दुबळं राहत नाही. नात्यातल्या त्या मुलीचं एसजीओटी सहाव्या दिवशी ४४ होतं. मुलगी झाली, एक किलो चारशे ग्रॅमची, तीन आठवडे नवजात कक्षात राहिली.

बीपीची चाल वेगळी. ते तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या आसपास पुन्हा उसळतं, आणि नेमकं तेव्हा बाळंतीण घरी आलेली असते. आपल्याकडे सव्वा महिना ती बाहेर पडत नाही. डोकं दुखतंय म्हणाली तर वारं लागलं म्हणून कानाला रुमाल बांधतात, शेकशेगडी करतात. तीव्र प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या बाईचं डोकं त्या दिवसांत दुखलं तर रुमाल बांधा, हरकत नाही, पण बीपी मोजा, आणि १६०/११० दिसलं तर १०८ ला फोन करा. लॅबेटालॉल, निफेडिपिन, एनालाप्रिल या गोळ्या चालू असताना अंगावर पाजता येतं. दुधासाठी गोळ्या बंद करण्याचं कारण नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीत एक अडचण कायम राहते. सातव्यात डोहाळजेवण होतं, मुलगी माहेरी जाते, डॉक्टर बदलतात, आणि आधीचं बीपी, आधीचे रिपोर्ट सासरच्या कपाटात राहतात. नव्या डॉक्टरांना चाल दिसत नाही, फक्त फोटो दिसतो. पुढच्या खेपेला हे आणखी महत्त्वाचं. एकदा असा आजार झालेल्या बाईला तो पुन्हा होण्याचा धोका इतरांहून जास्त असतो, आणि अशांना कमी मात्रेची ॲस्पिरिन पहिल्या तीन महिन्यांच्या शेवटाला सुरू केली तर त्याचा उपयोग होतो. २०१७ च्या ॲस्प्रे चाचणीत रोज रात्री दीडशे मिलिग्रॅम ॲस्पिरिनने अपुऱ्या दिवसांत होणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियाचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. सरकारी केंद्रात चौदाव्या आठवड्यापासून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्याही याच कामाच्या. त्या 'पोट बिघडतं' म्हणून डब्यात साठवून ठेवू नयेत. ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने सुरू करायची नसते, आणि पाचव्या महिन्यात नाव नोंदवलं तर तिची वेळ निघून गेलेली असते. म्हणून डिस्चार्ज कार्ड, एसजीओटीचे सगळे रिपोर्ट आणि बीपीचा तक्ता एका पिशवीत घालून ती पिशवी बाळाच्या जन्मदाखल्याशेजारी ठेवा, आणि पुढच्या वेळी दिवस राहिल्याचं कळलं की पहिल्याच भेटीत ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.